चार वर्षांपूर्वीचं रक्त

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आधी माझ्या सासऱ्यांना सांगितला गेला.

महाडमधलं एक खाजगी प्रसूतिगृह. मला पाचवा महिना. मी बाहेर लाकडी बाकावर बसलेली, आत डॉक्टरांसमोर सासरे आणि नवरा. आदल्या आठवड्यात माझं रक्त घेतलं होतं. कशासाठी, ते कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दार उघडलं. सासरे माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेले. त्यांच्यामागे नवरा. मग कंपाउंडर आला. माझा केसपेपर त्याने दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. हातात दिला नाही, बाकावर टाकला. वर लाल शाईने लिहिलेलं, एचआयव्ही पॉझिटिव्ह. रांगेतल्या सगळ्यांना वाचता येईल एवढं मोठं. शेजारची बाई उठली. आपली पिशवीसुद्धा उचलून घेतली तिने.

"डिलिव्हरी इथं नाय व्हायची. दुसरीकडं बघा."

"पण मला सांगा तरी नीट."

"घरच्यांना सांगितलंय सगळं."

घरच्यांना. मग मी कोण होते?

मी कोण होते ते सांगते. अब्बा महाडला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. अम्मा व्यापाऱ्यांची फाटकी बारदानं शिवायची. दाभण आणि सुतळी. सुतळीने तिच्या बोटांना चिरा पडायच्या, कालवणातलं मीठ झोंबायचं, म्हणून ती चमच्याने जेवायची. शेजारणी हसायच्या. "बारदानवाली बघा, सायबीण झाली." अम्मा चमच्यानेच जेवत राहायची. तिने मला शाळेतून मात्र काढलं नाही. आमच्या सात पिढ्यांत बारावी झालेली मी पहिली.

मग स्थळ आलं. सावित्रीच्या काठचं गाव. मुलगा दोन वर्षं गल्फला राहून आलेला. आता मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवत होता. मध्यस्थ बाई अम्माला म्हणाली, "मुलगा फिट हाय गो. कागद हाय. आणखी काय पायजे?"

तेव्हा आमच्याकडे ही रीतच पडली होती. गल्फला जायचं तर मुंबईत मेडिकल करावं लागतं. रक्त, छातीचा फोटो, सगळं. पास झाला तो फिट, नापास झाला तो अनफिट. अनफिट होऊन परत आलेल्याला साधी कावीळ असली तरी मोहल्ला त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचा. आणि जो फिट, त्याचा कागद पुढे लग्नाच्या बोलणीत निघायचा. सासऱ्यांनी तर तो लॅमिनेट करून आणला होता. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचला. खाली तारीख होती. चार वर्षांपूर्वीची.

मी ती तारीख वाचली आणि कागद परत दिला. माझी चूक मी लपवत नाही. मला वाचता येत होतं. विचारता येत नव्हतं.

प्रसूतिगृहातून घरी आलो त्या दुपारी तोच कागद पुन्हा कपाटातून निघाला. सासऱ्यांनी माझ्यासमोर धरला.

"माझा पोरगा फिट हाय. ह्यो बघ शिक्का. मंग ही घाण आली कुठून?"

सासू म्हणाली, "कॉलेजात जायची ना रोज एसटीनं."

नवरा खिडकीबाहेर बघत होता. त्याला माहीत होतं. निदान शंका तरी होती. माणूस बायकोच्या डोळ्यात बघत नाही तेव्हा बायकोला कळतं. माझं ताट वेगळं झालं. विहिरीवर जायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. आठव्या दिवशी माझी पत्र्याची पेटी आणि मी, दोघी माहेरी.

दर मार्चला चवदार तळ्यावर गर्दी होते. लांबून माणसं येतात, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात. लहानपणापासून बघत आले होते, पण ते आपलं नाही असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. त्या वर्षी अम्माबरोबर बारदानं पोचवून येताना मी थांबले. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल होतं, त्यामागे एक नर्सबाई. टेबलावर पत्रकं. पत्रकावर तीच तीन अक्षरं.

मी म्हटलं, "एका मैत्रिणीसाठी विचारायचंय."

"विचार की बाय," ती म्हणाली. माझ्या पोटाकडे तिने बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"चार वर्षांपूर्वीचा फिटचा कागद असेल, तर माणूस आज फिट असतो का?"

ती हसली. "चार महिन्यांपूर्वीचा असला तरी मी नाय मानणार. मधे काय काय झालं ते कागदाला काय ठाऊक? अगं, आदल्याच आठवड्यात लागण झाली असली तर चाचणीत ती दिसतसुद्धा नाही. तीन महिने थांबून परत करावी लागते."

मग तिने सगळं सांगितलं. शरीरसंबंधातून होतो, निरोध वापरला तर टळतो. दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून होतो, न तपासलेल्या रक्तातून होतो. आईकडून बाळाला होऊ शकतो. ताटातून नाही, पाण्यातून नाही, विहिरीच्या दोरातून नाही. मी पोटावर हात ठेवला.

"मग बाळ?"

"मैत्रिणीला सांग, मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नाव घाल. कळा सुरू झाल्या की तिला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला थेंब. धोका पुष्कळ कमी होतो. एकदम जात नाय, खोटं नाय सांगणार."

इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस. मी तळ्याच्या पायऱ्या उतरले. ओंजळभर पाणी प्यायले. कुणी अडवलं नाही.

पंधरा दिवसांनी सासरच्या ओटीवर जमात, म्हणजे आमच्या समाजाची पंचायत, बसली. कागद तयार होता, फक्त माझी सही हवी होती. त्यावर लिहिलेलं, मला हा रोग लग्नाआधीपासून होता आणि मी तो लपवला. सही केली असती तर मी बदफैली ठरले असते आणि पोटातलं मूल कुणाचंच नसतं. अब्बा उंबऱ्याजवळ उकिडवे बसलेले. हमालाला खुर्ची कोण देतो?

सासऱ्यांनी लॅमिनेट केलेला फिटचा कागद जमातीच्या प्रमुखांच्या, सदरांच्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "चाचा, खालची तारीख मोठ्यानं वाचा."

सदरांनी चष्मा लावला. वाचली.

"तेव्हा ते गल्फला निघाले होते. दोन वर्षं तिकडं, दोन वर्षं ट्रकवर. त्यानंतर आमचं लग्न. माणसाचं रक्त चार वर्षं कपाटात बसून राहतं का?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"मी परत रक्त देते. आज, सगळ्यांसमोर जाऊन. त्यांनाही द्यायला सांगा. मग बघू सही कुणी करायची."

नवरा पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत होता.

सासरे ओरडले, "बाईमाणसानं जमातीत तोंड चालवायचं नाय!"

"मग बाईमाणसाची सही कशाला मागताय?"

पेन माझ्यासमोर तसंच पडून राहिलं. अब्बा उठले. अख्ख्या बैठकीत एकच वाक्य बोलले. "चल गो. ओझी उचलायची सवय हाय मला."

मुलगी मुंबईत झाली. गोळी घेतली, तिला थेंब दिले. एकदा नवरा ट्रक घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. केबिनमधून उतरला नाही. वाळून गेला होता.

"पोरीचं काय?"

"अठरा महिन्यांनी पक्कं कळेल."

"आणि माझं?"

"तुमचं आज कळेल. चला माझ्याबरोबर."

त्याने काच वर केली. मग गाडी चालू केली. शेवटपर्यंत त्याने तपासणी करून घेतली नाही. घरात फिटचा कागद होता ना. क्षयाने गेला. त्यानंतर दीड-दोन वर्षांत मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांत फुकट औषधं सुरू झाली. मी ती घेते, रोज, ठरल्या वेळेला, एकही दिवस न चुकवता. वेळीच तपासून क्षयावर उपचार घेतले असते, तर तो ह्या औषधांपर्यंत तगला असता, आज जिवंत असता. ह्याचा मला राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

बाहेरून परीक्षा देऊन मी बी.ए. झाले. आता पोलादपूरला तपासणी केंद्रात समुपदेशक आहे.

मधे एक दिवस सासरे तिथे आले. मी तिथे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं, होणाऱ्या सुनेला घेऊन आलेले. मला बघून दारातच थबकले. पण काम महत्त्वाचं होतं.

"हिचं रक्त बघून द्या. रिपोर्ट माझ्याकडं द्या."

"मुलगा कुठंय?"

त्यांनी खिशात हात घातला. लॅमिनेट केलेला कागद. नवा.

मी म्हटलं, "बाहेर बाक आहे. बसा."

दार लावलं.  मी त्या मुलीला खुर्ची दिली आणि विचारलं, "तुला स्वतःला करायचीय का चाचणी? नको असेल तर नको. जबरदस्ती कुणी करू शकत नाही."

ती म्हणाली, "करते. पण त्याची पण. आजची."

तिने फोन केला, तो आला, त्यानेही रक्त दिलं. हे तिला विचारूनच लिहिते आहे. तिच्या रिपोर्टमध्ये काय आलं, त्याच्या रिपोर्टमध्ये काय आलं, ते इथे लिहिणार नाही. सासऱ्यांनाही सांगितलं नाही. दीड तास ते बाकावर बसून होते.

माझ्या मुलीला विषाणू नाही. मी जिवंत आहे. आणि माझ्या खोलीत रिपोर्ट पहिल्यांदा त्यालाच सांगितला जातो, ज्याचं रक्त असतं.