पोट आलेला दरवाजा

मी नाशिक सोडले त्या सकाळी आपले आबा ओटीवर बसून तांब्याच्या हंड्याला ठोके देत होते. हंडा आदल्याच दिवशी पुरा झाला होता, हे तुलाही ठाऊक होते, दादा, आणि मलाही. मी पाया पडलो तरी हातोडा थांबला नाही. "तांबटाच्या पोराला लोखंड धरायचं असेल तर धरू दे," ते आईला म्हणाले, "मला विचारू नये." तू मला बैलगाडीने स्टेशनापर्यंत सोडलेस. पुढची सात वर्षे आबांनी मला एक शब्द धाडला नाही, आणि त्या एका शब्दासाठी माझा जीव किती टांगणीला लागला होता, हे मी पत्रांतून कधी कळू दिले नाही.

मला काम मिळाले त्या कल्याणच्या शेडमध्ये रेल्वेच्या डब्यांचे दरवाजे दुरुस्तीला येत. आत लाकडी चौकट, वरून लोखंडी पत्रा. खाडीच्या खाऱ्या हवेने पत्रा खालच्या काठाला सडे. तो सोलून काढायचा, नवा कापायचा, ठोकून बसवायचा आणि कडा चौकटीमागे दुमडायच्या. मला हसूच आले. हंड्याचा गळा काढणाऱ्याला सपाट पत्र्याचे काय एवढे? कडा दुमडायला तेवढ्या सोडल्या आणि बाकीचा पत्रा आपल्या आळीच्या रीतीने मठारून काढला, ठोक्याशेजारी ठोका, एका ओळीत. दिसायला देखणा झाला. चौकटीवर ठेवला तर मधोमध ही एवढी ढेरी. ठोकलेला पत्रा पसरतो, हे आपल्याकडचे शेंबडे पोरही जाणते. पण हंड्याला ते पोट हवेच असते, म्हणून दरवाजाला ते नको, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

आमचे मिस्त्री ठाण्याकडचे आगरी, मनाने मोठे आणि तोंडाने तिखट. त्यांनी ढेरीवर चापट मारली. "अरे, दरवाजा सांगितलेला, पाण्याचा हंडा नाय. सांजेपर्यंत सरळ कर, नायतर नाशकाची गाडी धर." शेडमधले सगळे हसले. हसण्याची मला फिकीर नव्हती. खाली मान घालून आबांसमोर उभे राहावे लागेल, याची होती.

मी ढेरीवरच मारत सुटलो आणि ती वाढत गेली. जेवणाच्या सुट्टीत मी पत्र्यासमोरच बसून राहिलो. तेव्हा आबा शिकवताना म्हणायचे ते आठवले, "फुगलंय तिथं मारू नये, तंग आहे तिथं मारावं." मग मी पोटाला हातच लावला नाही. कडेकडेने हलक्या हाताने ठोकत गेलो. कडा पसरल्या तसा मधला फुगवटा ओढला गेला, आणि चारच्या सुमाराला पत्रा सपाट झाला. मिस्त्रींनी दरवाजा तीनदा लावून उघडून पाहिला आणि पुढचा माझ्याकडे सरकवला.

आज माझ्या हाताखाली पाच फिटर आहेत. खडवलीच्या बाजूने गाडी आली की तिच्यातला माझा दरवाजा मी लांबून ओळखतो, आणि खरे सांगायचे तर थोडा माजही करतो. ड्यूटी, रजा, यार्ड हे शब्द तोंडात बसले आहेत. गोदाकाठचा कोरडा गारवा इथे नाही, याची चुटपुट मात्र जात नाही.

गेल्या महिन्यात तू आबांना गाडीत बसवून दिलेस. इथे काय झाले ते त्यांनी तुला सांगितले नसणार. दोन दिवस ते खोलीवर माझ्या बायकोशी बोलत बसले, तिसऱ्या दिवशी आपण होऊन शेडमध्ये आले. अर्धवट झालेल्या पत्र्यावरून तळवा फिरवला, मांडी घालून बसले आणि माझा हातोडा मागितला. दादा, आबांनी लोखंडावर ठोके दिले, थांबून थांबून, पंधरा-वीस तरी.

"लवकर ऐकत नाही रे हे," ते म्हणाले.

"ऐकतं, आबा. सवय लागते."

परतताना रस्त्यात ते म्हणाले, "आता तिकडं परत यायचं मनात आणू नकोस. तुझं बस्तान इथं बसलंय." सात वर्षे मी परत येण्याची परवानगी मिळावी म्हणून झुरलो, आणि त्यांनी मला राहण्याची दिली. मी रस्त्यातच रडलो. माझे रडणे आटपेपर्यंत ते उभे राहिले, मग म्हणाले, "चल घरी. सूनबाई वाट बघत असेल." माझ्या भाड्याच्या खोलीला आबांनी घर म्हटले, आणि दादा, त्या दिवसापासून मीही म्हणतो.