शंभर वॉट, एकावर

आमच्या बँडला तीन वर्षांत गाणी बसवता आली चार. किस्से मात्र इतके साचलेत, की कुणी "काय म्हणतोय बँड?" असं विचारलं तर मी गाणं ऐकवत नाही, किस्सा सांगते. त्यातले बहुतेक एकाच अँपचे, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरचे आहेत. लोकांना हसू येतं. मला आता येत नाही.

बँड म्हणजे आम्ही तिघं. मी गिटारवर. नोकरी बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये. पोलादपूरची सायली ड्रम्सवर आणि ओंकार बेसवर. तो माझ्याच कारखान्यात, बिरवाडीत खोली घेऊन राहायचा. प्रॅक्टिस महाडला आमच्या घरी, वरच्या खोलीत. मग ओंकारची गुजरातला बदली झाली. हातात महिना होता आणि त्या महिन्यात एक कार्यक्रम. तो जायच्या आधी एकदा तरी आमचा आवाज मनासारखा लागावा, एवढंच मला हवं होतं.

*

मनासारखा म्हणजे कसा, ते मी पुण्यातल्या एका दुकानात ऐकलं होतं. पंधरा वॉटचा ट्यूब अँप. आत काचेच्या ट्यूब असतात. आवाज अर्ध्याच्या वर नेला की त्या खऱ्या कामाला लागतात आणि गिटारचा सूर जाड होतो, कडेला किंचित फाटतो. पंधराचा अँप खोलीत अर्ध्यावर नेता येतो. शंभरचा न्यायचा तर मैदान लागतं. म्हणून लहान घ्यायचा. इतकं सोपं आहे हे.

मी हे बाबांना सांगितलं. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. घरात विजेची कुठलीही वस्तू त्यांनीच आणायची, मग पैसे कुणाचेही असोत.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंधरा वॉटचा आपल्या न्हाणीघरात बल्ब आहे."

*

दुसरं मत घ्यायला ते मला घेऊन सायलीच्या मामांकडे गेले. मामांचा पोलादपूरला मंडप आणि साउंडचा धंदा. त्यांच्या एकेका स्पीकरच्या मागे मी उभी राहिले तर दिसणार नाही. मामांनी आधी मला चहा दिला, मग आकडा विचारला, मग परत विचारला.

"पंधरा? गो बाय, पंधरा वॉटात नवरीपण खोलीतनं बाहेर येयाची नाय."

त्यांचे स्पीकर वेगळे आणि हा अँप वेगळा, हे मी अर्धा तास समजावत होते. मामा मान हलवत होते. निघताना त्यांनी बाबांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पोर हुशार हाय, पण लग्न कधी वाजवलं नाय तिनं."

*

एक माणूस मात्र माझ्या बाजूचा निघाला. बाजारपेठेत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक आजोबा आहेत. दुकान आता मुलाचं, त्यात मोबाइलची कव्हरं. आजोबा मागे खुर्चीवर बसलेले असतात. ट्यूब, म्हणजे त्यांच्या भाषेत वॉल्व्ह, म्हटल्यावर ते उठून पुढे आले.

"लहान घे," ते म्हणाले. "आणि पुरता उघड. वॉल्व्ह तापल्याशिवाय गात नाही."

बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. रस्ताभर म्हणत होते, काय ज्ञान आहे, अशी माणसं राहिली नाहीत आता. घरी आले आणि फोनवर शंभर वॉटची ऑर्डर देऊन टाकली.

मी ओरडले. त्यावर त्यांनी मला नोकरीतला नियम सांगितला: जेवढा लोड, त्याच्या दुप्पट क्षमता ठेवायची, म्हणजे वस्तूवर ताण येत नाही. मी म्हटलं, बाबा, मला ताणच हवाय. त्यांनी आईकडे असं बघितलं, की बहुतेक माझ्या लग्नाचा विषय पुन्हा निघणार होता.

*

अँप आला. दोन माणसांनी जिन्यावर तीनदा टेकवत वर नेला. आवाजाचं बटण दहापैकी एकावर ठेवलं तर खिडकीची तावदानं थरथरली. दीडवर नेलं तर समोरच्या काकू गॅलरीत आल्या. बाबांनी खिशातून लाल इन्शुलेशन टेप काढली आणि बटण पुढे जाऊ नये म्हणून एकाच्या आकड्यापुढे छानपैकी चिकटवली. "बघ," ते म्हणाले, "नुसत्या एकावर एवढा चालतो. आयुष्यभर बघायला नको."

सूर कोरडा येत होता, पत्र्यावर खडे टाकल्यासारखा. ओंकारने बेस पुसून पिशवीत ठेवला.

अँपचा उपयोग आईने शोधला. वरून छान गरम होतो म्हणून प्रॅक्टिसच्या वेळी ती त्याच्यावर मोजे वाळत घालते.

*

सात दिवसांत बदलून मिळेल, असं पावतीवर लिहिलेलं होतं. मी गुपचूप दुकानाला फोन केला. ते पंधराचा द्यायला तयार होते. अट एकच, मूळ खोक्यात परत पाठवा.

खोकं घरात नव्हतं. इतकं दणकट खोकं वाया कशाला घालवायचं, म्हणून बाबांनी ते कापडे गावाला आत्याकडे पोचवलं होतं. मी आत्याला फोन लावला. तिने खुडूक कोंबडी त्यात अंड्यांवर बसवली होती.

"आत्या, मला परवापर्यंत हवंय गं ते."

"एकवीस दिस थांब गो. पिल्लं निघाली की धाडते."

सायली तर म्हणाली, आपण दुसरं खोकं घेऊन जाऊ आणि कोंबडीला समजावू. आम्ही खरंच कापड्याला गेलो. कोंबडीने सायलीच्या हातातून रक्त काढलं आणि आत्याने आम्हाला तांदळाची भाकरी वाढली. सातवा दिवस तिथेच मावळला.

*

कार्यक्रम महाडच्या एका हॉलमध्ये झाला, दुपारी. साउंड सायलीच्या मामांचा. शेवटचं गाणं ओंकारने लिहिलेलं होतं. मी ठरवलं होतं की त्या गाण्याला टेप काढायची आणि बटण पाचावर न्यायचं. मग काय व्हायचं ते होऊ दे.

गाणं सुरू झालं. मी मागे वळले. अँपशेजारी खुर्ची टाकून बाबा बसले होते, बटणावर बोटं ठेवून. मी मान हलवून विनवलं. त्यांनी हसून दुसऱ्या हाताने मला पुढे बघायची खूण केली.

गाणं तसंच संपलं, एकावर. ओंकार त्याच संध्याकाळच्या गाडीने गेला. त्याला सोडून आम्ही घरी आलो, तर बाबा चहाचा कप घेऊन माझ्याच खोलीत बसले होते, जरा विचारात पडलेले.

"छान वाजवलंत," ते म्हणाले. "पण मागच्या रांगेपर्यंत गिटार पोचलीच नाही. पुढच्या वेळी दोनशेचा घेऊ."