मांडीवरची जट

कामाला बसण्याआधी ती खांद्यावरची जट दोन्ही हातांनी उचलायची आणि झोपलेलं लेकरू ठेवावं तशी मांडीवर ठेवायची. मग मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोडून म्हणायची, "हं, मालक, द्या चामडं."

मालक म्हणजे मी. कोल्हापुरात चपलांच्या दुकानांची जी गल्ली आहे, तिथं माझंही एक दुकान आहे. पाटी एवढी मोठी की पावणं पाटी बघून येतात आणि दुकान शोधत बसतात. माझ्या चपलेची करकर पन्हाळ्याच्या तटावर ऐकू जाते, असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही. पण आक्काबद्दल सांगतोय त्यात मी काही वाढवलेलं नाही. जटेचं वजन सोडून.

जट मनगटाएवढी जाड आणि कमरेच्या खाली लोंबणारी. माझ्या मते पाच किलो. तिच्या मते, "म्हशीचं रेडकू हाय मालक, फक्त दूध पीत न्हाई."

आक्का चपलेवरची वेणी घालायची. पट्ट्यावर चामड्याच्या बारीक वाद्यांची जी वीण असते, ती. तिची बोटं एवढी भराभर चालायची की उन्हाळ्यात मी पंखा बंद करून तिच्याशेजारी बसायचो. पुण्याच्या एका पावण्यानं भिंग लावून तिच्या वेणीचे पदर मोजायला घेतले. दमला बिचारा, आणि तीन जोड घेऊन गेला. निम्म्या जिल्ह्याच्या पायात आक्काची वेणी होती. तिच्या स्वतःच्या डोक्याला चाळीस वर्षं फणी लागली नव्हती. आणि पाय अनवाणी.

तिचं एक पालुपद होतं. "मला कुणी इचारलंय का?"

पाऊस आला की, "आला! मला इचारलं का?" एसटीचा थांबा चार पावलं पुढं सरकला की, "सरकवला! मला इचारलं का?" चहात आलं जास्त पडलं तरी तेच. हळूहळू सगळी गल्ली तसं बोलायला लागली. समोरचा पानवाला गिऱ्हाइकाला चुना लावून देताना म्हणायचा, "आक्काला इचारलंय न्हवं?" आम्ही पोट धरून हसायचो. असं पंधरा वर्षं हसलो.

एकदा मी विचारलं, ही जट आली कशी?

"नऊ वर्साची हुते," ती वादी ओढत म्हणाली. "ताप आला. म्हयनाभर हातरुणात. केसांचा गुंता झाला. आई म्हणाली, डोंगरावरची यल्लम्मा आली. भावकी म्हणाली, व्हय व्हय, आली. भंडारा लावला, टाळ्या वाजवल्या. शाळा बंद. लगीन न्हाई. झालं."

"आणि तुला काय वाटलं गं?"

ती माझ्याकडं बघून हसली. "मला कुणी इचारलं व्हय?"

त्या दिवशी मी हसलो नाही, असं इथं लिहायला मला फार आवडलं असतं.

आमच्या गल्लीचं मंडळ आहे आणि त्याचा अध्यक्ष मी. व्यायाम, गणपती आणि समाजसुधारणा, या क्रमानं आमचं काम चालतं. जट म्हणजे देवी नव्हे, न विंचरलेला गुंता, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. आजही माहीत आहे. त्या बाबतीत आमचं काहीच चुकलेलं नाही, हीच तर अडचण आहे.

गल्लीत एक रिटायर झालेल्या नर्सबाई राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या दर गुरुवारी दुकानात येऊन आक्काच्या पोत्यावर टेकायच्या. तिच्या मानेला तेल लावायच्या आणि गप्पा मारायच्या. भाजीच्या, भाचीच्या, मधेच जटेच्या. असं वर्षभर चाललं. मी म्हणायचो, "सिस्टर, एवढ्या वेळात मी पाचशे जटा कापल्या असत्या." त्या म्हणायच्या, "कापायची घाई तुम्हाला आहे. डोकं तिचं आहे."

आणि एका गुरुवारी आक्का स्वतःच बोलली. "दसरा हुंदे सिस्टर. मग सांगते. कापायची तर माझ्या हातानं, ह्या रापीनं." रापी म्हणजे चामडं कापायचं पातं. तिनं ते अंगठ्यावर घासून बघितलं. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी लगेच मंडळात जाऊन सांगितलं, "आक्का तयार झाली!"

दसरा पुढं होता आणि आमचे प्रमुख पाहुणे श्रावणातच मोकळे होते.

आम्ही तिला सांगितलं, कारागिरांचा सत्कार आहे. खोटं मीच सांगितलं, गल्लीत माझ्याइतकं चांगलं खोटं कुणाला येत नाही. ती धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली. स्टेजवर चढताना पानवाल्याला म्हणाली, "बघ, ह्या बारीला इचारून बोलावलंय."

खुर्चीत बसवून शाल घातली, नारळ दिला. मग मी माईक घेतला. काय बोललो ते सांगत नाही, पण लोक उभे राहिले. मंडळाच्या दोन पोरींनी आक्काचे खांदे धरले, प्रेमानंच धरले. लाल रिबीन बांधलेली नवी कात्री माझ्या हातात आली.

तिनं नारळ छातीशी धरला होता. खाली बघत हळू म्हणाली, "मालक, मी दसरा म्हणलं हुतं."

"आक्का, चांगलं काम आजच!" हे मी माईकवर म्हणालो. टाळ्या पडल्या.

कात्री चामडं कापायची नव्हती. चौदा वेळा दाबावी लागली. मधेच तिनं नारळ पायाशी ठेवला. शेवटचा पदर तुटला तेव्हा तिची मान झटकन वर उडाली, ओझं उतरलेल्या तराजूसारखी. मग तिचे दोन्ही हात सवयीनं खांद्याकडे गेले, तिथं काही नव्हतं, ते तसेच रिकामे मांडीवर आले.

सिस्टर दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या. त्या ओरडतील म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या भावकीनं पण टाळ्याच वाजवल्या होत्या."

आक्का कामाला येत राहिली. डोक्यावर घट्ट पदर. बसण्याआधी हात खांद्याकडे जायचे आणि रिकामे मांडीवर उतरायचे. दिवसातून कितीदा तरी. वेण्या तशाच सुरेख. पण पालुपद बंद झालं. एसटीचा थांबा परत मागे सरकला. पानवाल्यानं मुद्दाम छेडलं, "आक्का, थांबा हलवला की, तुला इचारलं का?" तिनं वादी दातात धरली आणि ओढली.

महिन्याभरात गणपती आले. मंडळाचा देखावा होता अंधश्रद्धेवर. साडीच्या दुकानातली जुनी बाहुली आणली, पाटावर बसवली, भंडारा फासला आणि डोक्याला जट चिकटवली. खरी. 'पुरावा' म्हणून मीच ती जपून ठेवली होती. देखाव्याला एवढी गर्दी लोटली की रांगेचं शेपूट बिंदू चौकात. हे मी वाढवत नाही. वाढवलं असतं तर पंचगंगेपर्यंत नेलं असतं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दोरीशी उभा राहून रांग हाकत होतो. "चला मावशी, पुढं चला." मावशी हलेना. बघितलं तर आक्का.

ती बाहुलीकडे बघत होती. मागचे लोक ढकलत होते, कुणी मोबाइल वर धरला होता. ती दोरीखालून वाकून आत गेली. मला वाटलं आता उपटणार, फेकणार. तिनं बाहुलीच्या खांद्यावरून जट दोन्ही हातांनी उचलली आणि बाहुलीच्या मांडीवर नीट ठेवली.

"मान दुखती तिची," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, चौकशी करावी तशी, "हिला तरी इचारलं का, मालक?"

दुसऱ्या दिवशी तिचं पोतं रिकामं होतं. एका पायाच्या चपलेची वेणी पुरी झालेली, दुसरीची अर्धी. रापी नेली होती.

ती कुरुंदवाडला भाचीकडे गेल्याचं सिस्टरांकडून कळलं. त्या दिवाळीत मी पेढे घेऊन गेलतो. भाचीनं दार अर्धं उघडलं, आत जाऊन आली आणि कानकोंडी होऊन म्हणाली, "आक्का म्हणती, पावणं असलं तर च्या दे. मालक असलं तर घरात कोण न्हाई म्हण." आतल्या पडद्याखाली अनवाणी पाय दिसत होते. मी पेढे उंबऱ्यावर ठेवले. एसटीनं परत येईपर्यंत एकही खोटं मला सुचलं नाही.

याला आता तीन वर्षं झाली. सिस्टर तिला अधूनमधून भेटून येतात. मागल्या खेपेला आल्या त्या माझ्या दुकानात आक्काच्या जुन्या पोत्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "केस खांद्याच्या खाली आलेत. फणी लावू देत नाही. पुन्हा गुंता धरलाय."

"देवीचं म्हणते?"

"नाही. मी विचारलं, कशाला गं बाई पुन्हा? तर हात लावून म्हणाली, ह्यो माझा हाय."

जट माझ्या दुकानात माळ्यावर आहे, बारा नंबरच्या चपलेच्या खोक्यात. त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी पोरं म्हणाली, नदीत सोडू. पानवाला म्हणाला, जाळून टाक. मी दोन्ही करू शकलो नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कधी खोकं खाली काढतो. उघडत नाही. परवा एक पावणा आत आला, पाटीवरून हसला, आणि माझ्या मांडीकडे बोट करून म्हणाला, "हा जोड दाखवा की."

तेव्हा मला दिसलं, मी खोकं दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो होतो.

"हा न्हाई दाखवता येत," मी म्हणालो. "जिचा हाय तिला इचारायचं ऱ्हायलंय."