एका घराला एक ठिपका

माझे ठिपके फार सुरेख यायचे. ही फुशारकी नाही. त्या सुरेखपणानेच माझं वाटोळं केलं, म्हणून आधी सांगून टाकतो. सत्तरच्या दशकात पिंपरी-चिंचवडमधल्या एका नकाशांच्या ऑफिसात मी ट्रेसर होतो, म्हणजे नकाशे शाईने गिरवणारा. एका वर्षी काविळीची साथ आली आणि दवाखान्यांतून रोज रोग्यांचे पत्ते येऊ लागले. साहेब म्हणाले, "साथ कुठे दाटतेय ते नकाशावर दाखवा."

आता हे काम म्हणे संगणक चुटकीसरशी करतो. आम्ही हाताने करायचो. पत्ता बघून ट्रेसिंगच्या कापडावर शाईचा ठिपका द्यायचा. मग त्यावर पारदर्शक गोल चकती ठेवायची, तिच्याखाली किती ठिपके आले ते मोजायचं, आकडा लिहायचा आणि चकती अर्धा इंच पुढे सरकवायची. आकडा मोठा, तिथे साथ दाट. एकाच जागी तीन-चार ठिपके दिले की शाई पसरून डाग पडायचा, आणि डाग मला खपायचा नाही. म्हणून मी आपला नियम करून टाकला : एका घरनंबराला एकच ठिपका. त्याच नंबराचा पत्ता पुन्हा आला की न मोजता बाजूला टाकायचो. कुणाला विचारायची गरजही वाटली नाही.

तेव्हा आम्ही निगडीला राहायचो. बायकोला सातवा महिना होता. काविळीत गरोदर बायका दगावतात, असं दवाखान्यातले डॉक्टर मला बोलले होते. त्या दिवसापासून मी चकती आधी आमच्या घरावर ठेवायला लागलो. सहा. मग नऊ. मग अकरा. आकडा चढला की मी पुन्हा पुन्हा मोजायचो. बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, नदीकडच्या चाळीत राहायची. तिथे मात्र आकडा तीनच्या वर जात नव्हता.

"अहो, आपण पाणी उकळून पितोय की. मला कशाला हलवता?" बायको म्हणाली.

"नकाशा खोटं बोलत नाही," मी म्हणालो आणि तिला अक्काकडे पोचवून आलो.

निघताना अक्काने विचारलं, "भाऊजी, इथे विहिरीचं पाणी आहे. हिला उकळून देऊ का?"

"इकडे काही नाही हो. उगाच रॉकेल कशाला जाळता?"

महिनाभराने एका रविवारी मी तिला भेटायला गेलो. विहिरीपाशी चाळीचा मालक उभा होता, मूळचा गावातलाच म्हातारा. चाळीत कुणी आजारी आहे का, असं मी त्याला सहज विचारलं.

"हायेत की. सतरा-अठरा जण पिवळं पडल्यात."

"एवढे? नकाशावर तर या चाळीला एकच ठिपका आहे."

"त्ये मला काय म्हाईत न्हाई. खोल्या चाळीस, पर घरनंबर एकच हाय. अन् एका कॉटवर तिघं झोपत्यात, शिफ्टपरमानं. एक कंपनीतनं आला की दुसरा उठतो."

तेव्हा कुठे मला उमगलं. निगडीत घरागणिक वेगळा नंबर होता, म्हणून अकरा ठिपके म्हणजे जेमतेम अकरा-बारा माणसं. इथे माझ्या तीन ठिपक्यांखाली तीन अख्ख्या चाळी झाकल्या गेल्या होत्या. पोटुशा बायकोला मी माझ्या हाताने तिथे नेऊन ठेवलं होतं आणि पाणी उकळू नका असंही वर सांगितलं होतं.

त्याच दुपारी तिला रिक्षाने घरी आणलं. "का हो, नकाशा बदलला का?" तिने चिडवलं. मी म्हटलं, "घर खायला उठतं तुझ्याशिवाय." ती खूश झाली.

रोज सकाळी मी तिला खिडकीपाशी उभं करून तिचे डोळे बघायचो. "काय बघता एवढं?" असं विचारून ती लाजायची. तिला ते प्रेम वाटायचं. होतंही, पण त्याहून भीती जास्त होती. एकेक दिवस ढकलत होतो. ती जेवेनाशी झाली, तेव्हा दिवस भरत आले म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. बाराव्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग हळद लागल्यासारखा दिसला. आठवड्याच्या आत ती गेली, पोटातल्या बाळासकट.

मी नकाशा पुन्हा काढला, या वेळी डागांची पर्वा न करता. नदीकडचा भाग काळाकुट्ट झाला. विहीर बंद झाली आणि साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला, पण तेवढंही धैर्य माझ्यात नव्हतं.

अक्का आता थकली आहे. दर वर्षी श्राद्धाच्या दिवशी मला जेवायला बोलावते आणि वाढता वाढता म्हणते, "माझीच अक्कल गहाण पडली होती. पाणी उकळून द्यायला हवं होतं मी तिला." माझं बोलणं ती खरंच विसरली, की मला सांभाळून घेण्यासाठी विसरल्याचं दाखवते, ते मला अजून कळलेलं नाही. "तुमचा काय दोष, अक्का," एवढंच मी म्हणतो आणि तिने वाढलेलं मुकाट्याने जेवतो.