मुरुमाच्या रंगाची भिंत

मुलाने निसर्गचित्र आणून दाखवलं की आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई त्यातल्या सूर्यावर अंगठा ठेवायच्या आणि विचारायच्या, "आता बघ. काय बिघडलं?"

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नारळाचं झाड, चारच्या आकड्यासारखे पक्षी. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हेच काढून मार्क मिळवले आहेत. बाईंकडे त्याला भोपळा मिळायचा. "डोंगर असा अस्तो का? खिडकीतनं बघ," म्हणायच्या.

खिडकीतून दिसणारा डोंगर अर्धाच उरला होता. बाई जवळच्याच पूर्णा गावच्या, शेतकरी घरातल्या, लहानपणी त्याच डोंगरावर शेळ्या चारलेल्या. आता तो मुरुमासाठी कापला जात होता आणि त्या मुरुमाच्या भरावावर गोदामं उभी राहत होती. कापायचा ठेका होता आमच्या शाळेच्या अध्यक्षांकडे. माणूस वाईट नव्हता. शाळेला रंग, पंखे, बाक त्यांनीच दिले. फक्त आपण दिलेल्या वस्तूंकडे लोकांनी बघून खूश व्हावं, एवढी त्यांची इच्छा असायची.

रस्त्याकडची नवी भिंत त्यांनी बाईंना दिली. स्नेहसंमेलनाला पाहुणे येणार होते, छानसं निसर्गचित्र हवं होतं. बाईंनी दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून ऑइलपेंटने ते काढलं. तांबडा तिरका पट्टा, खाली काळा, मध्ये मुरुमाचा पिवळा. एक बारीक हिरवी रेघ लांबून येते आणि अचानक तुटते. तुटते तिथून राखाडी चौकोन सुरू. बस. मी मराठी शिकवतो, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या तुटलेल्या रेघेपाशी आलो की माझी नजर आपोआप डोंगराकडे वळायची, हे खरं.

अध्यक्षांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिली. मग विचारलं, "मॅडम, यात निसर्ग कुठाय?"

"समदा निसर्गच हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमी कापला तसा."

आम्ही शिक्षक तास आहे म्हणत एकेक करून सटकलो.

पुढे संमेलनाच्या तोंडावर बाईंना निवडणुकीची ड्युटी लागली. तेवढ्यात अध्यक्षांनी पडघ्याहून ट्रक रंगवणारा पेंटर आणवला. त्याने भिंतीवर सूर्य काढला, झोपडी काढली, नारळ काढला आणि राखाडी चौकोनात तळं करून दोन हंस सोडले. लवकर वाळावं म्हणून शाळेच्या रंगकामातलं उरलेलं डिस्टेंपर वापरलं. घाईत कुणाच्या लक्षातच आलं नाही की खाली ऑइलपेंट आहे, त्यावर पाण्याचा रंग धरत नाही.

बाईंच्या लक्षात आलं. संमेलनाच्या दिवशी सकाळी त्या थेट भिंतीपाशी आल्या, पदर खोचला आणि बादलीत डस्टर बुडवला. मुख्याध्यापक संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून विनवत होते. मला कुठून बळ आलं कोण जाणे, मी वर्गातलं बाक आणून त्यांच्या पायाखाली दिलं आणि धरून उभा राहिलो. पहिल्याच हाताला सूर्य ओघळला. मग झोपडी गेली, मग हंस. सुटाबुटातले अध्यक्ष मागे येऊन उभे होते.

"मे महिन्यात सगळी भिंत पांढरी करून टाकीन," ते म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं. कोपरापर्यंत हिरवं पाणी. "करा. भिंत तुमची हाय. पण माज्या डोंगरावर नारळ काढायचा न्हाय. पांढरी तर पांढरी ठेवा."

पाहुण्यांनी ते चित्र बाईंनी काढलं तसंच पाहिलं. रस्त्यावरच्या एका ड्रायव्हरने तेवढा कंटेनर थांबवून फोटो काढला.

बाई कंत्राटी होत्या. पुढच्या वर्षी कंत्राट वाढणार नाही हे शाळेतल्या घंटेलाही माहीत होतं. निरोप समारंभ मात्र रीतसर झाला. अध्यक्षांनी शाल आणि श्रीफळ पुढे केलं. बाईंनी शाल घेतली, खांद्यावर नीट बसवली आणि श्रीफळ टेबलावरच ठेवून नमस्कार केला. अध्यक्षांना आधी काही कळलं नाही. मग त्यांचे कान लाल झाले.

मे महिन्यात भिंत पांढरी झाली. नव्या सरांनी तिच्यावर छान निसर्गचित्र काढायची परवानगी मागितली, तेव्हा मी तिथेच होतो. अध्यक्ष खिडकीतून उरल्यासुरल्या डोंगराकडे बघत म्हणाले, "नको. तिथं काही काढायचं नाही."