होडीभर गोडं पाणी

वाळूत कुंपण घातलं की पायथ्याशी वाळू आपोआप साठते. चार माणसं रोज एकत्र राबायला लागली की किश्शांचंही तसंच. साठच्या दशकात तारापूरजवळच्या किनाऱ्यावर मी वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेल्या सुरूच्या रोपांची राखण करायचो, तेव्हाचे हे.

तिकडे अणुवीज केंद्र उभं राहत होतं, माणसांचा लोंढा येत होता, आणि त्यांच्या घरांसाठी वाळू आमच्याच किनाऱ्यावरून जात होती. दर पावसाळ्यात समुद्र कोळीवाड्याच्या आणखी जवळ यायचा. पहिलं घर हिरूबाईचं. नवरा वारल्यापासून ती एकटीच, आणि आमच्याच कामावर. रेंजरसाहेबांनी बजावलं होतं, "उन्हाळ्यात रोपं जगली तरच पुढची लागवड. नाहीतर योजना दुसरीकडे."

*

हिरूबाईनं रोपांच्या कुंपणावर बोंबील वाळत घातले. नेमके त्याच दिवशी साहेब आले. नागपूरकडचे, सागाच्या जंगलात वाढलेले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हे काय लावलंय?"

"वरती बोंबील, खाली सुरू. दोनी बरे येतात."

पुढच्या खेपेला साहेब पिशवी घेऊनच आले!

*

एकदा रोपांच्या अगदी कडेला वाळू भरायला बैलगाडी लागली. हिरूबाई सरळ गाडीत चढून बसली.

"मावशे, उतर की," गाडीवान काकुळतीला आला.

"वाळू नेतोस ना? मंग मला पन ने. ती गेली का माझं घर जानारच हाय. आताच येते तुझ्याकडं र्‍हायला."

गाडीवानानं गाडी तिथंच रिकामी केली.

*

बांधकामावरच्या रामदुलारला चुलीसाठी रोप उपटताना मी पकडलं. हिरूबाईनं त्याला आधी भात-कालवण वाढलं, मग तेच रोप त्याच्याकडून परत लावून घेतलं. "जगलं पायजे," एवढंच म्हणाली.

दर रविवारी तो पाण्याचा लोटा घेऊन हजर. "अम्मा ने खिलाया है, अब पिलाना तो पड़ेगा," म्हणायचा.

*

उन्हाळ्यात जवळची विहीर खारी झाली. लांबून गाडीनं गोडं पाणी यायचं, पण साठवायचं कशात? रोपं पिवळी पडायला लागली. हिरूबाईच्या दारात नवऱ्याची होडी उपडी पडलेली होती. ती तिनं विकली नव्हती, कुणाला हात लावू दिला नव्हता. आम्ही तिचा विषयही काढायचो नाही.

एका सकाळी तीच म्हणाली, "होडी सुलटी करा. रोपांत न्या."

भरली. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी फटींतून गेलं. मला रडू यायचं बाकी होतं.

"लय वरसं सुकलीय ती," हिरूबाई म्हणाली. "आधी तिला पिऊ दे."

आणखी दोन दिवस पाणी ओतल्यावर फळ्या फुगल्या आणि थेंबही गळेना. त्या पाण्यावर रोपांनी उन्हाळा काढला.

*

नवरा गेल्यापासून नारळी पुनवेला हिरूबाई दार लावून घ्यायची. त्या वर्षी बाहेर आली. गुडघाभर वाढलेल्या सुरूंमधून चालत गेली, पावसाच्या पाण्यानं भरलेल्या होडीला तिनं निशाण बांधलं आणि नारळ ठेवला.

होड्या हाकण्यात हयात गेलेला कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल हळूच म्हणाला, "अगं हिरू, ही होडी आता दर्यात जात नाय."

"धनी पन जात नाय," हिरूबाई म्हणाली. "पन औंदा दोघंबी कामाला होती."