फ्यूजकाकांची पाटी

कारखान्यात त्यांना सगळे फ्यूजकाका म्हणत. तीस वर्षं वायरमनचं काम केलं, पण हाताखालच्या एकाही माणसाला शॉक बसू दिला नाही. नेम एकच. मेन स्विच पाडला की त्यावर 'माणूस कामावर आहे' ही पाटी लटकवायची, आणि शिवाय येईल-जाईल त्याला तोंडानंही सांगायचं. पोरं हसायची, आम्हाला वाचता येतं म्हणायची. काका म्हणत, येतं रे, पण वाचतंय कोण?

साठी जवळ आली आणि संसारात एक अडचण उभी राहिली. दोन वर्षं नवराबायको एकमेकांची नजर चुकवत होती. शेवटी काकूच म्हणाल्या, गुडघ्याला डॉक्टर चालतो, मग याला का नको? दोघं जोडीनं गेली. डॉक्टरांनी रक्तदाब, हृदय तपासलं, चालू औषधं विचारली आणि गोळी लिहून दिली. दिवसाला एकच, स्वतःच्या मनानं वाढवायची नाही. वर बजावलं, कधी छातीत दुखलंच तर आधी या गोळीचं सांगा. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली देतात त्या औषधाशी हिचं वैर आहे, रक्तदाब पार कोसळतो.

घरात पुन्हा गुणगुणणं सुरू झालं.

तीन महिन्यांनी एका सकाळी, शिडीवर असतानाच काकांच्या छातीत कळ आली. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. जावई धावत येऊन उशाशी उभा राहिला. नर्स जिभेखाली फवारा मारायला वाकली.

काकांनी जावयाकडे पाहिलं. हे लेकीच्या सासरी कळलं तर? मग त्यांना ती पाटी आठवली. देवाचं नाव घेतलं आणि बोलले.

"थांबा. काल संध्याकाळी मी गोळी घेतलीय. पुरुषांची."

नर्सचा हात जागीच थांबला. डॉक्टर म्हणाले, काका, अर्धं काम तुम्हीच केलंत. दुसऱ्या औषधांवर निभावलं.

जावई वाकून हळूच म्हणाला, "बाबा, पाटी वेळेवर लावलीत."

आठव्या दिवशी काका आपल्या पायांनी घरी आले. हृदयाचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत गोळी बंद, ते त्यांनी निमूट मानलं. भेटायला आलेल्यांपैकी एक फिटर मागे रेंगाळला. उरलेल्या गोळ्या मिळतील का, म्हणाला.

"गोळी नाही, डॉक्टरांचा पत्ता घे," काका म्हणाले. "आणि बायकोला बरोबर ने. आमच्या घरी हिनंच धीर केला."

आत काकूंच्या हातातलं भांडं वाजलं, पण त्या हसत होत्या.